पळाला कोण? ड्रायव्हर की मालक?

मागच्या पावसाळ्यात आम्ही एकाच आठवड्यात दोन घरी जाऊन बसलो. दोन्ही गावांमध्ये अंतर जेमतेम बारा किलोमीटर. दोन्ही घरांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. पहिल्या घरातला कर्ता माणूस धानासाठी खत आणायला मोटारसायकलवर निघाला होता, तो लोहखनिजाच्या हायवाखाली आला आणि जागेवरच गेला. दुसऱ्या घरातला सव्वीस वर्षांचा पोरगा तो हायवा चालवत होता.

पोराने गाडी पन्नास फुटांवर थांबवली. खाली उतरला, मागे गेला, पाहिले. तेवढ्यात गावाकडून माणसे धावत येताना दिसली, काहींच्या हातात काठ्या होत्या. तो धानाच्या बांध्यांमधून पळाला. मोबाइल केबिनमध्येच राहिला. रात्र जंगलाच्या कडेला काढून सकाळी तो पायीच एका पोलीस ठाण्यात हजर झाला. तोवर 'चालक फरार' ही बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली होती. रास्ता रोको झाला होता. रास्ता रोकोत 'ड्रायव्हरला आमच्या ताब्यात द्या' अशी घोषणा होती. गुन्ह्यात कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, वाढवले गेले. जामिनाचा हक्क गेला, जामीन न्यायालयाच्या मर्जीवर आला. गाडीमालकाचा फोन बंद. वकिलाची फी भरायला बापाने बैलजोडी विकली. आपल्या पोराला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, हे त्या बापाला ठाण्यातही कोणी सांगितले नाही आणि कोर्टाच्या आवारातही नाही.

आम्ही त्या पोरासाठी धावपळ केली तेव्हा चळवळीतल्याच एका जुन्या सहकाऱ्याने आम्हाला विचारले, "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने आहात? मेलेला आपला नव्हता का?"

प्रश्न रास्त आहे. हा लेख त्याचे उत्तर आहे.

'पळाला' म्हणजे कायद्यात काय?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण चौकात बसून सांगितला जाणारा कायदा आणि पुस्तकातला कायदा वेगळे आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. अपघात झाल्यावर चालकाने जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवण्यासाठी शक्य ते सर्व करायचे. मात्र जमावाच्या संतापामुळे किंवा त्याच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल, तर त्याला सूट आहे. जमावाचा संताप हे शब्द आमचे नाहीत, कायद्याचेच आहेत. पुढे तेच कलम म्हणते, की घटनास्थळी पोलीस नसेल तर चालकाने लवकरात लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घटना सांगायची. म्हणजे आमच्या गोष्टीतला पोरगा जिवाच्या भीतीने पळाला आणि सकाळी ठाण्यात हजर झाला, तेव्हा तो कायद्याने दिलेल्या मुदतीतच वागला होता. त्याला 'फरार' ठरवले ते बातमीने आणि घोषणेने.

दुसरा कायदा भारतीय न्याय संहितेचा. जुन्या दंडविधानात कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा होती. नव्या संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये ती पाच वर्षे झाली. आणि कलम १०६ (२) मध्ये, बेदरकार व निष्काळजी गाडी चालवून मृत्यू घडवणारा चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला घटनेनंतर लगेच न कळवता निघून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. याच पोटकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी चाके थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा शहरातल्या लोकांना पहिल्यांदा कळले की टँकर कोणीतरी चालवत असतो. सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेला चर्चेचे आश्वासन दिले, आणि १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना हे पोटकलम बाजूला ठेवले. बाजूला ठेवले, रद्द केले नाही. एक अधिसूचना निघाली की ते लागू. तलवार म्यानात आहे, पण ती टांगलेली चालकाच्याच डोक्यावर आहे.

आता एक बारकावा. १०६ (२) सुद्धा जागेवर थांबून मार खा असे म्हणत नाही. त्यातला गुन्हा आहे न कळवता निघून जाण्याचा. पण 'लगेच' म्हणजे किती वेळ, हे त्यात लिहिलेले नाही. कलम १३४ मध्ये २४ तास आहेत, जमावाचा अपवाद आहे. १०६ (२) मध्ये यातले काहीच नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर फोन लावायला एक मिनिट लागते. भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याच्या जंगल रस्त्यावर मैलोन् मैल नेटवर्क नसते, पावसाळ्यात नाल्यांचे पाणी पुलावर येऊन वाट बंद होते. तिथल्या चालकाचे 'लगेच' कोणते? हे ठरवणारा माणूस रात्री दोन वाजता त्या रस्त्यावर कधी उभा राहिलेला नसेल, तर चालकाचे दहा वर्षे गेलीच समजा.

जमावाचा न्याय आपल्याला परवडत नाही

चालक का पळतो? काही निर्दयपणे पळतात, ते आम्ही नाकारत नाही. पण बहुतेकांना समोर मरण दिसते. जानेवारी २०१९ मध्ये आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर गुरुपल्लीजवळ सुरजागडच्या खनिजाचा ट्रक आणि एसटी बस यांची धडक झाली. बसमधली माणसे गेली. संतापलेल्या लोकांनी त्या रस्त्यावरचे ट्रक पेटवून दिले. तो संताप खोटा नव्हता. ज्या अरुंद रस्त्यावरून आदिवासी पायी आणि सायकलने जातो, त्याच रस्त्यावरून रात्रंदिवस खनिज वाहिले जाते, धूळ घरात येते, खड्डे पायाखाली येतात, आणि ग्रामसभेला कोणी विचारत नाही. पण त्या दिवशी जळत्या ट्रकांजवळ जो कोणी चालक होता, त्याने काय करायला हवे होते? थांबायला?

आम्ही आंबेडकरी लोक आहोत. जमाव जेव्हा न्यायाधीश होतो तेव्हा तो कोणाच्या दारात येतो, हे आम्हाला वाचून शिकावे लागत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत, तो भोतमांगे कुटुंबाच्या दारात आला होता. म्हणून रास्ता रोकोत उभ्या असलेल्या आपल्या पोरांना आमचे सांगणे आहे: मोबदला मागा, रस्ता मागा, बायपास मागा, अवजड वाहतुकीची वेळ ठरवून मागा, मालकाला समोर बोलवा. पण 'ड्रायव्हर ताब्यात द्या' ही घोषणा आपल्या तोंडी शोभत नाही. ती आज त्या चालकावर उलटते, उद्या आपल्यावर.

चालक गायब झाला तर नुकसान मेलेल्याच्या घरचे

सहकाऱ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. चालकाला जितके घाबरवाल, तितका तो गाडीसह पसार होईल, आणि तितका मेलेल्याचा हक्क बुडेल. कसा, ते पाहा.

गाडी कोणती ते कळलेच नाही, तर तो कायद्याच्या भाषेत 'हिट अँड रन'. त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये मिळतात. तेवढेच. गाडी कळली, तिचा विमा कळला, तर कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांचा हक्क आहे. आणि चालकाची चूक सिद्ध करून कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले, तर मेलेल्याचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे धरून भरपाई ठरते. तरुण कमावत्या माणसाच्या बाबतीत ती दोन लाखांच्या कितीतरी पट होते.

म्हणजे चालकाने ठाण्यात येऊन 'होय, गाडी मी चालवत होतो, गाडीचा नंबर हा, मालक हा' असे सांगणे, ही त्या विधवेच्या हाती लागणारी सगळ्यात मोठी मदत आहे. तो हे कधी सांगेल? ठाण्यात आपल्याला मार बसणार नाही, वकील मिळेल, खरे सांगितले तर आयुष्य संपणार नाही, एवढी खात्री त्याला असेल तेव्हा. चालकाचा बचाव आणि मृताचा मोबदला ही एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत. एक काढून दुसऱ्यावर गाडी चालत नाही.

आणि जखमी असेल तर? मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखविरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. ती उपयोगी पडायला जखमी आधी दवाखान्यात पोचावा लागतो. पळणाऱ्या चालकापेक्षा फोन करणारा चालक त्याला लवकर पोचवतो.

मालक कुठे आहे?

आता लेखाच्या नावाकडे येऊ. घुग्घुस, राजुरा, गडचांदूर, बल्लारपूर, पद्मापूर, आष्टी, आलापल्ली. या रस्त्यांवर कोळसा, सिमेंट, राख, लोहखनिज वाहणारे चालक कोण आहेत? आपल्या वस्त्यांतली पोरे आहेत, गोंड-माडिया पोरे आहेत, बिहार-झारखंड-छत्तीसगड-तेलंगणातून आलेली त्यांच्यासारखीच पोरे आहेत. पगार थोडा, पैसे ट्रिपवर. ट्रिप वाढली तर घरात चार पैसे येतात. म्हणून वेग, म्हणून जागरण. चौदा-सोळा तास स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाचा डोळा पहाटे लागला, तर तो निष्काळजीपणा नेमका कोणाचा?

हे प्रश्न कायद्याला ठाऊक नाहीत असे नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ मध्येच होते: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये आहे, की गाडीत मर्यादेपेक्षा जास्त माल असेल आणि चालक हा मालक नसेल, तर ते मालकाला माहीत होते किंवा त्याच्याच हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. कलम १३३ प्रमाणे चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. कलम १९० सदोष गाडी रस्त्यावर आणण्याबद्दल आहे.

कायदे हजर आहेत. गैरहजर आहे मालक. अपघाताच्या गुन्ह्यात चालकाचे नाव येते, मालकाचे नाव विम्याच्या कागदावर राहते. काट्याची पावती, ट्रिपचे रजिस्टर, गाडीतल्या जीपीएसची नोंद, शेवटचे ब्रेक कधी बदलले त्याचे बिल, हे सगळे मालकाच्या कपाटात असते, आणि ते कपाट उघडायला कोणी जात नाही. म्हणून आम्ही विचारतो, पळाला कोण? चालक एक रात्र पळाला आणि सकाळी परत आला. मालक अजून आलेला नाही.

बचाव श्रीमंताला मिळतो तसा गरिबालाही

सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्यात फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक गाडी चढली. एक माणूस मेला, चार जखमी झाले. सलमान खान यांच्यावर खटला चालला. त्यांच्या घरच्या ड्रायव्हरने सुनावणीच्या शेवटी येऊन गाडी मी चालवत होतो असे सांगितले. सत्र न्यायालयाने ते मानले नाही, ६ मे २०१५ ला पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन झाला. १० डिसेंबर २०१५ ला उच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडले. मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घालून. नंतर घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदवला.

या दोन्ही प्रकरणांत मोठ्या घराच्या बचावात शेवटी एक ड्रायव्हर येतो, हे लक्षात घ्या. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. पुराव्याची जी कसोटी, एकेका साक्षीदाराची जी उलटतपासणी वांद्र्याच्या खटल्यात झाली, ती चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. आरोपीला तेवढा बचाव मिळायलाच हवा. आम्ही म्हणतो, तेवढाच बचाव गोंडपिपरीच्या पोरालाही द्या. संशयाचा फायदा ही वांद्र्याची मालमत्ता नाही.

बाबासाहेबांनी काय दिले

बाबासाहेब वकील होते, आणि ते लोकप्रिय आरोपी शोधत बसले नाहीत. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून पुण्यात ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांवर खटला झाला, तेव्हा आरोपींची बाजू त्यांनी मांडली. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात ते कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला ते हरले. पण सगळा समाज एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूलाही वकील लागतो, हे त्यांनी करून दाखवले.

पुढे १५ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेची कारणे सांगा, त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. हे हक्क फौजदारी प्रक्रियेत आधीही होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की ते संविधानात आणले म्हणजे कोणत्याही विधिमंडळाला सहज काढून घेता येणार नाहीत. पुढे कलम ३९-अ आले, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोठडीत असलेल्या कोणालाही, मोफत वकिलाचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. त्या बापाची बैलजोडी विकली जाणे हा या कायद्याचा दररोज होणारा पराभव आहे.

बचाव म्हणजे खोटे बोलणे नव्हे

इथे आम्ही आमची हद्द स्पष्ट सांगतो. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटलीजवळ व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. ट्रक थांबला नाही, असेच सगळ्या बातम्यांत आले. त्या दिवशीचा राग आमचाही होता, आजही आहे. श्वास चालू असलेल्या माणसाला रस्त्यावर टाकून, एक फोनही न करता निघून जाणे याचे समर्थन आम्ही करणार नाही. गाडीचा नंबर पुसणे, दुसऱ्याच माणसाला चालक म्हणून उभे करणे, दारू उतरेपर्यंत लपून राहणे, यातले काहीही बचावात बसत नाही.

तरी अशा आरोपीलाही वकील लागतो. कारण गुन्हा सिद्ध व्हायचा तो पुराव्याने. पळून गेला, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. गाडी वेगात होती, एवढे म्हणणे पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटले. चांगला वकील घटनास्थळाचा पंचनामा पाहतो, मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल पाहतो, काट्याच्या पावतीवरची वेळ पाहतो. तो चालकाला वाचवता वाचवता मालकाचे कपाटही उघडतो. म्हणूनच मालकाने दिलेला वकील चालकाने डोळे झाकून घेऊ नये. त्या वकिलाचा अशील कोण आहे, हे आधी विचारावे.

आमच्या मागण्या

१. कलम १०६ (२) आहे तसे कधीही लागू करू नये. करायचेच असेल तर त्यात जमावाच्या भीतीचा अपवाद आणि २४ तासांची मुदत स्पष्ट लिहावी.

२. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या प्रत्येक ठाण्यात, उपठाण्यात आणि पोलीस मदत केंद्रात मोफत वकिलाच्या हक्काचा फलक मराठी, गोंडी, माडिया, हिंदी आणि तेलुगूत लावावा. जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयाचा वकील रिमांडच्या पहिल्या दिवशी चालकाला भेटावा.

३. खनिज, कोळसा आणि सिमेंटच्या गाडीचा जीवघेणा अपघात झाला, की त्याच दिवशी मालकाकडून कामाच्या तासांची नोंद, मालाचे वजन आणि गाडीच्या दुरुस्तीचे कागद जप्त करावेत.

४. मृताच्या कुटुंबाला त्याच आठवड्यात दाव्यासाठी मोफत वकील द्यावा, त्यांना दलालांच्या हाती सोडू नये.

आणि चालक भावांनो, तुमच्यासाठी. अपघात झाला तर आधी १०८ आणि ११२. जखमीला हात लावता येत असेल तर लावा. जिवाला धोका असेल तर निघा, पण थेट पोलीस ठाण्यात, जे जवळ असेल त्या. हद्द कोणाची ते पोलिसांनी पाहायचे. हजर झाल्याची नोंद मागा. न वाचता सही करू नका. १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा, फुकट वकील हा तुमचा हक्क आहे. मालकासाठी खोटे बोलू नका. तो तुमच्यासाठी खरेही बोलणार नाही.

सहकाऱ्याला आम्ही एवढेच सांगितले: मेलेला आपला होता, चालवणाराही आपला आहे, दोघांना समोरासमोर उभे करून तिसराच निघून गेला. त्या दोन्ही घरांची आम्ही गाठ घालून दिली आहे. विधवेच्या दाव्यात गाडीचे जास्तीचे वजन आणि सलग ड्युटीचे तास त्याच पोराने सांगितले आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेल्या समाजाची माणसे एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली नाहीत, तर मालकाला परत यावेच लागेल.

जय भीम!